माशांचं विरजण

चिंतामणराव राजंदेकरांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, आणि सरकारी नोकरीत लागेपर्यंत तो जवळून पाहिलाही नव्हता. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं घर. वडील भिक्षुकी करत. घरात मासा होता तो एवढाच, दशावतारांच्या तसबिरीतला, मुकुट घातलेला. अशा माणसाला सरकारने अमरावतीच्या जलजीव विकास कार्यालयात मासे वाढवायला बसवलं, याचं कारण त्यांचा अर्ज. नागपूरला शिकून त्यांनी जंतुशास्त्राची पदवी घेतली होती. दह्यातले जंतू हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून अर्ज केला होता दुग्धशाळेत. पण अर्ज चाळणाऱ्या साहेबाला 'जंतू' या शब्दावरून जीवजंतू आठवले, जीवजंतूंवरून पाणी आठवलं आणि कागद दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. त्याच सुमारास मत्स्यशास्त्र शिकलेला कोकणातला एक तरुण दुग्धशाळेत रुजू झाल्याचं ऐकिवात होतं. तो तिकडे गाईंना काय खाऊ घालत होता, ते कधी कळलं नाही.

चिंतामणराव कामावर आले तेव्हा अमरावती मध्य प्रदेशात होती. मग ती मुंबई राज्यात गेली आणि शेवटी महाराष्ट्रात आली. दर वेळी नवी पाटी लागली, नवा शिक्का आला, आणि जुन्या राज्याला पाठवलेल्या पत्रांची उत्तरं कुणी द्यायची यावर नवा वाद झाला. चिंतामणरावांच्या खुर्चीची फाटलेली वेताची बैठक तेवढी तिन्ही राज्यांत तशीच राहिली.

माणूस सज्जन, पण लोक त्यांना टाळत. त्याला कारण होतं त्यांचं आजारपण. अकोल्यात असताना त्यांना विषमज्वर झाला होता. तेव्हा नव्यानेच आलेलं औषध मिळालं, ताप उतरला, पण पोट असं बिघडलं की मुगाचं पाणीसुद्धा ठरेना. आईने, गोदावरीबाईंनी, त्यांना ताज्या ताकावर ठेवलं आणि हळूहळू ते उठून बसले. डॉक्टरांनी श्रेय औषधाला दिलं, आईने कुलदैवताला दिलं आणि चिंतामणरावांनी ताकातल्या जंतूंना दिलं.

"पोटात वस्ती असते हो," ते भेटेल त्याला सांगत. "औषधानं चोर मारले, ठीक. पण चोरांबरोबर सगळं गावच उठवलं. मग ओसाड गावात कोणीही भुरटा येऊन राहतो. ताक पिणं म्हणजे भल्या माणसांना परत नेऊन वसवणं."

हे ते लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढण्याच्या वेळेला सांगत. शेजारचा माणूस बोलता बोलता आपलं पाट-पाणी घेऊन पलीकडच्या ओळीत जाई.

वलगावच्या पुढे धामनखेड म्हणून एक गाव होतं. तिथल्या तलावाच्या बांधाखाली कार्यालयाने दोन खोदतळी करून घेतली होती. हावड्याहून रेल्वेने पत्र्याच्या डब्यांतून माशांची पिल्लं बडनेऱ्याला येत. वाटेत निम्मी मरत, आणि उरलेली कटला-रोहूची पिल्लं बैलगाडीने धामनखेडला जात. तळ्यांची राखण आणि मासे विकणं गावातल्या भोयांच्या सोसायटीकडे होतं. सोसायटीचे अध्यक्ष देवमनजी, अंगाने आडवे आणि जिभेने सरळ. अध्यक्ष झाल्यापासून त्यांनी स्वतः जाळं धरणं सोडलं होतं.

पिल्लं चांगली बोटभर वाढली आणि एका उन्हाळ्यात त्यांची पोटं फुगायला लागली. देवमनजींनी निरोप धाडला. चिंतामणराव छत्री घेऊन तळ्यावर आले.

"काहो साहेब," देवमनजी म्हणाले, "ह्या मासोळ्या पोटाशी हायेत का कशा? एकेकीचं पोट पाहा, सावकारासारखं दिसून राहिलं."

चिंतामणरावांनी वरच्या कार्यालयाला कळवलं, आणि तिथून स्वतः उपसंचालक कमलाकांत साठ्ये आले. साठ्ये पुण्याचे. जंतूंशी त्यांचं वैयक्तिक वैर होतं. प्रवासात पाण्याचं भांडं स्वतःचं, चादर स्वतःची. कुणी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला तर ते दोन पावलं मागे सरून लांबूनच हात जोडत. त्यांनी तळ्याच्या काठावर उभं राहून रुमालाआडून निदान केलं.

"अस्वच्छता. दुसरं काही नाही. माशाच्या आतड्यात जंतू आहेत, राजंदेकर. ते समूळ नष्ट झाले पाहिजेत. आपलं ध्येय काय? जंतुमुक्त मासा!"

"पण साहेब, आतड्यात काही जंतू भलेही असतात. ते खाल्लेलं पचवून देतात, वाइटांना जागा देत नाहीत. ते मारले तर—"

"भला जंतू हा प्रकार आमच्या परिपत्रकात नाही."

मग पिवळ्या पुडीची पिंपं आली. सरकीच्या ढेपेत कालवून ती पूड माशांना घातली. आठवड्याभरात पोटं उतरली, आणि साठ्यांनी वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आणल्या. पूड थांबली तशी पोटं पुन्हा फुगली, आधीपेक्षा जोरात. एका सकाळी पहिल्या तळ्यावर पांढरा थर दिसला. तो मेलेल्या माशांचा होता. वरच्या कार्यालयाने उत्तर पाठवलं की पूड थांबवल्यामुळे मासे मेले, सबब पूड कधीच थांबवू नये.

त्या दिवशी चिंतामणराव काठावर बराच वेळ बसून राहिले. माशांबद्दल त्यांना फार माया होती असं नाही. पण स्वतःच्या आजारपणातले ते दिवस त्यांना आठवत होते, आणि आपल्याला माहीत असून आपण 'होय साहेब' म्हणालो हे त्यांना खुपत होतं. दुसऱ्या तळ्यात पूड अजून पडली नव्हती. त्यांनी ठरवलं की तिथे ती पडू द्यायची नाही.

बेत साधा होता. पेढी नदीत मासे मजेत होते, कुणाचं पोट फुगलेलं नव्हतं. त्या माशांच्या आतड्यात जी भली वस्ती होती ती काढायची, वाढवायची आणि तळ्यातल्या माशांना खाऊ घालायची. विरजण लावतात तसंच. अडचण एवढीच होती की त्यासाठी मासा चिरावा लागणार होता.

पहिला मासा देवमनजींच्या पुतण्याने चिरला. चिंतामणराव तोंड फिरवून उभे राहिले आणि मान न वळवता विचारत राहिले, "निघालं का? लांब आहे का? रंग कसा आहे?" दुसऱ्या वेळी त्यांनी एका डोळ्याने पाहिलं. चौथ्या-पाचव्या वेळी ते स्वतः कात्री घेऊन बसले, आणि आपण खाली मांडी घालून बसलोय हे त्यांना देवमनजींनी सांगितल्यावर कळलं.

आतड्यातला ऐवज त्यांनी ताकात घातला, कोंडा कालवला, मडक्यात भरला. ऊब हवी म्हणून मडकं घरी आणलं. अमरावतीच्या कॅम्प भागात त्यांचं भाड्याचं घर होतं. बायको सिंधूताई दारातच उभ्या होत्या.

"काय आहे त्यात?"

"विरजण."

"कशाचं?"

चिंतामणरावांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगितलं. सिंधूताईंनी आधी मडक्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या मडक्याचा आणि नवऱ्याचा मुक्काम न्हाणीमागच्या कोळशाच्या खोलीत पडला. नवऱ्याची सुटका अंघोळीनंतर झाली. मडकं तिथेच राहिलं. न्हाणीतल्या बंबाची ऊब त्याला मानवली असावी, कारण तिसऱ्या दिवशी ते असं फसफसलं की झाकण उडून शेजारच्या वकिलांच्या अंगणात पडलं.

तळ्यावर हे विरजण ताकात वाढवून, ढेप-कोंड्यात मुरवून माशांना घालायचं ठरलं. ताक गावातून जमा होई. निम्मं माशांच्या पोटात जाई आणि निम्मं सोसायटीच्या. देवमनजींच्या घरी त्या हिवाळ्यात रोज कढी होती. नातवंडांचे गाल वर आले. तरी मासेही वाढले. पोटं सपाट, अंगावर तकाकी, आणि संध्याकाळी खाणं टाकलं की पाण्याला उकळी फुटल्यासारखी गर्दी. पहिल्या जाळ्यात आलेला कटला देवमनजींनी स्वतः उचलून पाहिला.

"साहेब, हा तं आपल्या आमदाराएवढा झाला!"

खरी गंमत पुढे झाली. मासा अमरावतीच्या इतवारा बाजारात गेला, आणि भोयांनी आरोळी दिली, "ताकावरचा मासा! ताकावरचा!" ही आरोळी कॅम्पापर्यंत पोचली. शेजारचे वकील गोपाळकृष्ण दाणी, ज्यांच्या अंगणात झाकण पडलं होतं, एके संध्याकाळी चिंतामणरावांकडे आले आणि आधी हवापाण्याचं बोलले.

"मी ऐकतो ते खरं का, राजंदेकर? तो मासा म्हणे किडामुंगी खात नाही? नुसतं ताक आणि कोंडा?"

"मुख्यतः तेच."

"म्हणजे त्याचा पिंड पाहिला तर सात्त्विक."

"तसं म्हणता येईल."

"मग कायद्याच्या दृष्टीनं," दाणी खुर्ची पुढे ओढत हळूच म्हणाले, "जो स्वतः शाकाहारी, त्याला खाल्ल्यानं खाणारा मांसाहारी कसा ठरेल?"

"बकरीही शाकाहारीच असते, वकीलसाहेब."

दाणींना हा मुद्दा आवडला नाही. पण त्यांनी तो पुढे कुणाला सांगितलाही नाही. महिन्याभरात कॅम्पातल्या दोन-तीन घरांच्या मागच्या दारांवर पिशव्या येऊ लागल्या. पिशवीत वर मेथी असे. एका शास्त्रीबुवांना कुणी तरी सवाल घातला, तेव्हा त्यांनी मत देण्याआधी नमुना पाहायला मागितला. नमुना गेला. मत अनुकूल आलं. चिंतामणराव मात्र रोज वरणभात खात राहिले, आणि लोक म्हणू लागले, एवढा मासा वाढवतो, घरी खात नसेल होय!

बातमी वर गेली तसे साठ्ये परत आले. अन्नात जंतू मिसळल्याबद्दल ते चिंतामणरावांना निलंबित करतील असं कार्यालयाने धरून चाललं होतं. पण साठ्यांना वरून शाबासकी आली होती, आणि शाबासकीपुढे त्यांचं वैर टिकलं नाही. ते म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, राजंदेकर, भले जंतू हेच उत्तर आहे." योजनेला नाव पडलं 'दुग्धांशपोषित मत्स्यसंवर्धन'. गावातलं ताक काही शास्त्रीय नव्हे, म्हणून दुधाच्या भुकटीचे डबे आले, परदेशी, चकचकीत. त्यांचं दही लावून माशांना घालण्याचा समारंभ ठरला. मांडव पडला, सनई आली, वरिष्ठ आले. चांदीच्या वाटीतून दह्याचा पहिला चमचा तळ्यात पडला. टाळ्या झाल्या.

बांधावर मातीकाम करणाऱ्या बाया बाजूला उभ्या होत्या. त्यांत केशरबाई होती. तिच्या वस्तीने दोन-तीन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला, तेव्हापासून वस्तीतलं एखादं पोर शाळेच्या वेळेत बाहेर दिसलं की केशरबाई त्याचा कान धरून शाळेत पोचवायची. तिने डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं आणि सरळ मांडवात आली.

"साहेब, एक इचारू का? माह्या पोरीच्या शाळेत हेच डब्बे येत होते. दुधाचे. दिवाळीपासून बंद हायेत. मास्तर म्हनते, वरून येऊनच नाई राहिले. अन् हे तं इथं आले."

साठ्ये म्हणाले, "बाई, शाळेचा विषय शिक्षण खात्याचा. हे जलजीव."

"खातं काहीबी असन. डब्बा तं तोच हाय ना? शिक्का पाहा, शाळेचा हाय. मासोळ्याइले दही, अन् लेकराइले काय? पानी?"

साठ्ये खिशात रुमाल शोधू लागले. सनईवाल्याला वाटलं आपली पाळी आली, त्याने सूर धरला. एका वरिष्ठाने खालच्या आवाजात 'मुद्दा विषयबाह्य आहे' असं म्हटलं आणि फराळ सुरू झाला.

चिंतामणरावांच्या हातात फराळाची बशी होती. ती त्यांनी तशीच ठेवून दिली. डब्यांचा शिक्का त्यांनी गेल्याच आठवड्यात पाहिला होता, तेव्हा तो वाचावासा वाटला नव्हता. घरी गेल्यावर ते जेवले नाहीत. सिंधूताईंनी कारण विचारलं, त्यांनी सांगितलं. सिंधूताई ताटावरून उठल्या.

"तुमच्या माशांना दूधच लागतं का?"

"लागतं असं नाही. जंतूंना आंबवायला काही तरी हवं."

"आमच्याकडे आंबील कशाची करतात? दुधाची?"

यात शोध काही नव्हता. वऱ्हाडात घरोघरी ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करतात, आणि जंतुशास्त्राच्या पदवीधराने ती लहानपणापासून खाल्लेली होती. ताकाच्या प्रेमापुढे ती त्यांना सुचली नव्हती, एवढंच. त्यांनी ज्वारीच्या चुणीत, म्हणजे कण्या-कोंड्यात, विरजण मुरवलं. पहिली खेप कुजली. दुसरीला इतका वास सुटला की दाणी वकिलांनी नोटीस देण्याची भाषा केली. तिसरी जमली. मासे दह्याइतके झपाट्याने वाढले नाहीत, पण बरे वाढले, आणि पोटं फुगली नाहीत. नाराज झाले ते देवमनजी.

"आंबील तं आमी घरीच खातो, साहेब. मंग सरकारी योजनेचा फायदा काय?"

चिंतामणरावांनी मंजुरी मागितली नाही. मागितली असती तर ती मिळाली नसती हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी एक बैलांची दमणी जुंपून घेतली, उरलेले सगळे डबे भरले आणि धामनखेडच्या शाळेत नेऊन उतरवले. केशरबाईने शेजारच्या घरून मोठं पातेलं आणलं. त्या दुपारी पोरांनी ओठांवर पांढऱ्या मिशा उमटवून पाढे म्हटले.

मग चौकशी लागली. आरोप असा होता: 'शासकीय मत्स्यखाद्य अनधिकृतपणे शालेय विद्यार्थ्यांना पाजणे.' हेडमास्तरांनाही विचारणा झाली की माशांचं खाद्य मुलांना देण्यापूर्वी आपण वैद्यकीय सल्ला घेतला काय. हेडमास्तरांनी लिहिलं की मुलं ठणठणीत आहेत आणि अद्याप एकालाही कल्ले फुटलेले नाहीत. या उत्तरातला उद्धटपणा तपासायला वेगळा अधिकारी नेमला गेला. साठ्ये चिंतामणरावांना खोलीत बोलावून म्हणाले, "तुम्ही खुलाशात एवढंच लिहा, की डबे चुकून गेले."

"चुकून आले होते, साहेब. गेले ते बरोबर गेले."

"राजंदेकर, तुम्ही योजनेच्या नावातलं दूधच काढून घेतलंत! आता योजनेत राहिलं काय?"

"मासे."

साठ्यांनी हात धुवायला पाणी मागवलं.

चिंतामणरावांची बदली मूर्तिजापूरला झाली. तिथे जलजीव विकासाचं कार्यालय होतं, पाटी होती, शिपाई होता. पाणी नव्हतं. दूध नसल्याने धामनखेडची योजना मिटली, पिवळी पूड परत आली आणि कॅम्पातल्या पिशव्यांत नुसती मेथी येऊ लागली.

मूर्तिजापुरात चिंतामणरावांनी पहिलं वर्ष शिक्का झिजवण्यात घालवलं. मग जंक्शनच्या पलीकडे इंजिनांच्या पाण्यासाठी खोदलेलं एक जुनं तळं त्यांच्या नजरेला पडलं. स्टेशनमास्तरांची परवानगी तोंडी मिळाली, म्हणजे वरचा कुणी आला तर आपण काही पाहिलं नाही एवढी. पिल्लं सोडली, चुणी आंबवली. विरजणासाठी ताज्या माशांची आतडी हवी होती, ती बाजारात मैनाबाई नावाच्या मासेवालीकडे मिळत. एरवी ती आतडी कुत्र्यांपुढे टाकायची. एक बामण साहेब त्यासाठी दर रविवारी उभा राहतो म्हटल्यावर तिचा विचार बदलला.

"आतडे सुटे नाई भेटत," ती म्हणाली. "घ्याचा तं सारा मासा घ्या."

चिंतामणराव सगळा मासा घेत, आतडी काढून ठेवत आणि मासा रेल्वेच्या सांधेवाल्याला देत. सांधेवाला खूश होता. गाव मात्र एवढंच बघत होतं की राजंदेकर दर रविवारी मासा घेऊन बाजारातून जातात.

त्यांची मुलगी सरोजिनी तेव्हा लग्नाची झाली होती. अकोल्याहून एक स्थळ आलं. पोहे झाले, मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला.

"विचारू नये, पण गावात ऐकलं. आपण... म्हणजे बाजारातून... मासा आणता?"

सिंधूताईंनी आतून बांगड्या वाजवल्या. 'नाही म्हणा' असा त्याचा अर्थ. चिंतामणराव म्हणाले, "आणतो. पण मासा आम्ही ठेवत नाही. फक्त आतडी ठेवतो."

पाहुण्यांनी बाराची गाडी पकडली. घड्याळात दहा वाजले होते. सरोजिनी आत तोंडात पदर कोंबून हसत होती. सिंधूताई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी चपला घातल्या, "तुम्ही घरी बसा" म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा मासळीच्या ओळीत जाऊन मैनाबाईपुढे उभ्या राहिल्या.

"आजपासून नुसती आतडी मिळाली पाहिजेत. मासा नको."

"बाई, धंदा हाय माहा."

"आणि मुलगी आहे माझी. तुझ्या माशापायी स्थळ परत गेलं."

मैनाबाईने सुरी खाली ठेवली. "परत गेलं? काहून?"

सिंधूताईंनी काहून ते सांगितलं. अगदी पोहे, बांगड्या आणि बाराच्या गाडीसकट. मैनाबाई आधी गालाला हात लावून ऐकत होती. मग तिला हसू फुटलं, मग शेजारच्या कोळणीला, आणि शेवटी सिंधूताईंनाही आवरेना. नाकाला लावलेला पदर कधीच खाली आला होता.

"असं माणूस मले भेटलं नाई बाप्पा," मैनाबाई डोळे पुसत म्हणाली. "बरं, बसा इथं. पोरीची पत्रिका काय म्हनते? पोरगी किती शिकली?"

तिने पाण्याचा हात मारून पाट स्वच्छ केला आणि पुढे सरकवला. सिंधूताई जराशा थबकल्या, मग लुगडं सावरून त्यावर बसल्या.